काना की मात्रा

६ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

नमस्कार वगैरे लिहायला हात जात नाही, तरी समजून घे. धाकटा भाऊ दारात उभा, हातात तुझ्या गुडघ्याच्या औषधाची पिशवी, आणि तू "तूच होतास" एवढं म्हणून कडी लावलीस. समोरची बाई कपडे वाळत घालायचं सोडून माझ्याकडे बघत होती. अगं, भांडायचं तर आत घेऊन भांडायचं. पिशवी कडीला अडकवून आलोय, तेवढी तरी आत घेतली असशील.

फोन तू उचलणार नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायच्या आधी माणूस पहिल्या दोन ओळी वाचतोच, तेव्हा मुद्दा पहिल्या दोन ओळींत उरकायचा असं ठरवून बसलो होतो. त्या दोन ओळी कडीवरच गेल्या. असो. मुद्दा हा की रविवारच्या फुटबॉल सामन्यात आमच्या स्टँडमधून "बुडाला" म्हटलं गेलं, "बुडाले" नाही. ल ला काना ला. ल ला मात्रा ले नाही. तू चुकीचं ऐकलंस.

ती आरोळी कुठे जन्मली हे विसरली असशील तर सांगतो. तुझ्याच स्वयंपाकघरात, चौदा वर्षांपूर्वी. तुझं लग्न बंदराकडच्या घरात झालं तेव्हापासून आमचं हेच चाललेलं, दाजी खालचे, बंदराच्या संघाचे, आणि मी वरचा, गिरणीच्या. त्या वर्षी त्यांचा संघ गुणतक्त्यात शेवटी गेला होता आणि दाजी तोंड पाडून जेवत होते. मी विचारलं, "काय दाजी, कुठे गेला तुमचा संघ?" तर ते तोंडातला घास न गिळताच म्हणाले, "तळाला!" तू हसून हसून पाण्याचा पेला सांडलास. "बुडाला रे बुडाला" हे मी जोडलं. म्हणजे निम्मी आरोळी तुझ्या नवऱ्याची आहे. पुढच्या रविवारी मी कठड्यावर चढून भोंग्यातून विचारलं, "कुठे गेला?" आणि सगळा स्टँड ओरडला, "तळाला! बुडाला रे बुडाला!" समोरून दाजी मला मूठ दाखवत होते आणि पोट धरून हसत होते. हे तू स्वतः पाहिलंयस.

याला चेष्टा म्हणतात. चौदा वर्षं कोणाला लागली नाही.

सप्टेंबरात लाँच उलटली. खाडीपलीकडच्या सामन्याला निघालेले बत्तीस खालचे, त्यातले नऊ परत आले नाहीत, आणि त्या नऊ जणांत आपले दाजी. त्या दिवसापासून मी ती आरोळी दिली नव्हती. पाच महिने तोंडातून काढली नव्हती. कोणी मागणी केली तर भोंगा खाली ठेवायचो. याचं श्रेय मला कोणी देणार नाही, तू तर नाहीच.

आणि रविवारचं म्हणशील, तर तुम्हा नऊ घरांना आमच्या क्लबनेच मानाने बोलावलं होतं. खालच्यांच्या स्टँडपुढे खुर्च्या टाकल्या, मिनिटभर शांतता पाळली. अठरा हजार माणसं, पण कोणी साधं खाकरलंसुद्धा नाही. मग सामना सुरू झाला, खालच्यांनी गोल केला, आणि तुझ्या पाठीमागचा अख्खा स्टँड खोकायला लागला. खो खो खो खो, छातीवर हात ठेवून, डोळे पांढरे करून. गिरणीवाल्यांची पोरं म्हणून आम्हाला ते जन्मभर असंच खोकून दाखवतात. बाबा गिरणीतला कापसाचा भुगा छातीत घेऊन गेले. ते तुझेही बाबा होते. त्या खोकण्याला तू हरकत घेतल्याचं मला आठवत नाही.

मग आमच्यातल्या कोणीतरी जुनी आरोळी काढली. काढायला नको होती, मान्य. पण ती संघाला होती, माणसांना नव्हती. आणि एक सांग, "तळाला"ला "बुडाले" जुळतं का? यमकच तुटतं. मी तीस वर्षं छापखान्यात बसून औषधांच्या चिठ्ठ्यांमधले काने आणि मात्रा तपासतोय. माझ्या स्टँडमधून असलं काही गेलं असतं तर पहिलं मला खटकलं असतं.

गोळ्या जेवणानंतर घे.

तुझा भाऊ


२२ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

कार्ड मिळालं. "होय की नाही, एवढंच लिही." सगळे मिळून पाच शब्द. एवढ्यासाठी पोस्टात गेलीस, म्हणजे गुडघा बरा दिसतोय.

होय की नाही असं ते नसतं. तू म्हणतेस तसं एक ध्वनिमुद्रण फिरतंय, तुमच्या नऊ घरांपैकी कोणाच्या तरी मोबाइलवरचं. मी ते ऐकलंय, चाळीसेकदा ऐकलं असेल. त्यात वारा आहे, ढोल आहे, शेजारचा माणूस काहीतरी खातोय त्याचा आवाज आहे. हजारो गळ्यांतून "ला" येतो की "ले" येतो हे देवालाही सांगता येणार नाही. आमचे अध्यक्षही तेच म्हणाले. तेच ते, दातांचे डॉक्टर. बैठकीत म्हणाले, "मोठा आ केला की सगळे स्वर सारखेच दिसतात." लोक हसले. मीही हसलो असेन.

आता पत्रक निघालंच आहे, तेव्हा ते तुझ्या हातात पडायच्या आधी माझ्याकडूनच कळलेलं बरं. आमच्या समितीने चार हजार प्रती छापायला दिल्या, आणि या गावात छापखाने किती? एकच धड. मंगळवारी गठ्ठ्यातून कागद काढला तर तो माझ्याच टेबलावर.

आमचं काम कसं चालतं ते तू एकदा येऊन पाहिलं होतंस. मी छापलेलं मोठ्याने वाचायचं आणि समोर माझ्या जोडीला बसणाऱ्या आक्काने मूळ कागदावर बोट सरकवत ऐकायचं. एकही चिन्ह सोडायचं नाही. "दिवसातून दोन वेळा स्वल्पविराम जेवणानंतर पूर्णविराम." घरीही तोंडात तेच बसलंय. मागे एकदा हिला म्हटलं, "चहा टाक पूर्णविराम," तर चार दिवस बोलली नाही. आक्काला या कामात बत्तीस वर्षं झाली. मजकूर काय आहे याच्याशी तिला कर्तव्य नसतं. जुलाबाचं औषध असो की मृत्यूची जाहिरात, तिचं बोट त्याच चालीने सरकतं.

तर मी वाचायला लागलो. "ही आरोळी चौदा वर्षे जुनी असून तीत अवतरण सुरू बुडाला अवतरण बंद हाच शब्द आहे पूर्णविराम वेगळा शब्द ऐकू आल्याचे शोकाकुल कुटुंबातील एका महिलेचे म्हणणे हा दुःखाच्या भरात झालेला भास असावा पूर्णविराम."

आक्काचं बोट थांबलं. "परत सांग. ला की ले?"

"ला."

"ल ला काना?"

"ल ला काना."

तिने खूण केली. मी खाली सही करून "छापावे" असं लिहिलं. अकरा वाजले होते, मशीन रिकामं होतं, दुपारपर्यंत गठ्ठे बांधून झाले.

"एका महिलेचे" म्हणजे तू, हे कोणालाही कळेल. मसुद्यात तुझं नाव होतं, ते मी काढायला लावलं. बैठकीत उभा राहून भांडलो त्यासाठी. तेवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेव.

काम पडलंय. पुन्हा लिहीन.

भाऊ


११ मार्च, सोमवार

ताई,

तुझं पत्र आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. तू इतकं लिहिलेलं मी शाळेनंतर पहिल्यांदा पाहिलं. शनिवारी सकाळी वाचलं, काल परत वाचलं, आज रजा टाकलीय.

तुझ्या शिवणखात्यातल्या बायका तुला काय म्हणतात ते वाचलं. मशीन खडखडलं की "ताईंना विचारा, त्यांना काय ऐकू येतंय," आणि सगळ्या हसतात, आणि तुलाही हसावं लागतं, कारण चेष्टाच आहे. बाकीच्या आठ घरांनी तुला सांगितलं की आता पुरे, तुझ्या एकटीच्या हट्टापायी आम्ही सगळे खोटे पडतोय. हे मी आमच्या समितीच्या तोंडून ऐकलं होतं. तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण भाचीचं वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. "आई, तुला खरंच ऐकू आलं होतं का गं, की तुला तसं वाटलं?" असं पोटची पोर तुला विचारते, आणि तू तिला उत्तर देताना क्षणभर अडखळलीस, असं लिहिलंयस. तुझा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडायला लागलाय. रात्रंदिवस विचार करतेस की खरंच भास झाला असेल का. ताई, असं करू नकोस. तुला वेड लागलेलं नाही.

दाजींचंही वाचलं. बाबा गेल्यापासून सहा वर्षं ते त्या खोकण्यात सामील झाले नाहीत. सगळा स्टँड खोकत असताना मध्ये तोंड मिटून उभे राहायचे. एकदा पुढे जाऊन "बास करा रे, माझा सासरा यातच गेला" म्हणाले, तर त्यांच्याच माणसांनी ढकलाढकली केली, चष्मा फुटला. मला सांगितलं होतं की पायरी चुकली. मी तेव्हा म्हणालो होतो, "काय दाजी, तुमचा संघही पडतो आणि तुम्हीही पडता." ते हसले होते. इतकी वर्षं तू हे मला का नाही सांगितलंस? तू लिहितेस, त्यांनीच सांगू नको म्हटलं होतं, नाहीतर मेव्हणा माझी चेष्टा करायची सोडेल. काय माणूस होता.

आता लिहितो. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

"कोणीतरी" आरोळी काढली असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. आरोळी काढायला भोंगा लागतो, आणि भोंगा माझ्या हातात होता. कठड्यावर मीच उभा होतो. तू पुढच्या रांगेत राखाडी शाल घेऊन बसली होतीस, मी तुला सामन्याच्या आधीपासून पाहत होतो. त्यांचा गोल झाला, खोकणं सुरू झालं, आणि तू पाठीमागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. मला बाबांचे शेवटचे तीन महिने आठवले. उशीला टेकून बसायचे, आडवं होता यायचं नाही, आणि आपण दोघं आळीपाळीने पाठ चोळायचो. आणि इथे हजार माणसं मजा म्हणून तेच करतायत, आणि त्यांच्यापुढे आपली ताई खाली मान घालून बसलीय. माझं डोकं फिरलं. यांना असं काही लागलं पाहिजे की पुन्हा तोंड उघडणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं.

मी भोंगा तोंडाला लावला आणि विचारलं, "कुठे गेले?"

गेला नाही. गेले.

स्टँड सवयीने ओरडला, "तळाला!" पुढचं "बुडाले रे बुडाले" मी एकट्यानेच म्हटलं. पहिल्यांदा पुढच्या दोन-तीन रांगा तेवढ्या आल्या, बाकीचे जुनंच "बुडाला" म्हणत होते. म्हणून तुझ्या त्या ध्वनिमुद्रणात दोन्ही मिसळून ऐकू येतं. मी परत विचारलं. दुसऱ्यांदा माझ्या बाजूचा कोपरा सगळा "ले" म्हणाला. यमक तुटलं आणि कोणालाही खटकलं नाही. ढोलवाल्याने तेवढा हात थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग तोही वाजवायला लागला.

त्या क्षणी दाजी माझ्या लक्षातच नव्हते, असं लिहायचा विचार होता. सकाळी तसं लिहिलंही, मग तो कागद फाडला. लक्षात होते. नऊ म्हटलं की त्यात ते आहेत हे मला माहीत होतं. मी मनाला म्हटलं की दाजी आपले, हे बाकीच्यांना आहे. आठ जणांच्या मरणाची चेष्टा करायला मला चाललं असतं आणि नववा मी बाजूला काढून ठेवला होता. ते कसले आठ होते? त्यातला एक तुमच्या गल्लीतला न्हावी, लहानपणी माझे केस कापायचा.

तू लिहिलंयस की शब्दापेक्षा तुला हेल ओळखू आला. खरं आहे. वीस वर्षं मी तुझ्या दारात उभा राहून, चपला काढता काढता, आत हाक मारत आलो, "कुठे गेले?" आणि दाजी आतून काहीतरी वाकडं उत्तर द्यायचे. दाजींना मी कधी "कुठे गेला" म्हटलेलं नाही. ते "गेले" दुसऱ्या कोणाच्या तोंडून तसं येणारच नाही. तू खुर्चीतून उठलीस ते मी पाहिलं. तू उठून सरळ माझ्याकडे पाहिलंस. आणि मी तोंड फिरवलं आणि तिसऱ्यांदा विचारलं.

तू उठलेली पाहूनही तिसऱ्यांदा विचारलं, हे कोणालाच माहीत नाही.

तू बरोबर ऐकलंस, ताई. भाचीला हे पत्र दाखव. समितीकडे मी बुधवारी जातो आणि जसंच्या तसं सांगतो. माफ कर असं लिहीत नाही, ते मागायचं तोंड नाही.

भाऊ


२० मार्च, बुधवार

ताई,

तुझं उत्तर नाही, यायला हवं असंही नाही. कळवायचं म्हणून कळवतो.

गेल्या बुधवारी गेलो. डॉक्टर एका बाईची दाढ भरत होते, तिला तसंच आ करून बसवून बाहेर आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातमोजे काढले, दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "अहो, विझत आलेलं कशाला फुंकताय? चार दिवसांनी कोणाला आठवणारही नाही." मी म्हटलं, माझ्या बहिणीला लोक वेडी म्हणतायत. तर म्हणाले, "वेडी कोण म्हणतंय? भास म्हटलंय आपण. सौम्य शब्द आहे." मी काय बोललो ते लिहीत नाही. आतल्या बाईनेही ऐकलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी गावभर झालं होतं.

त्यामुळे शुद्धिपत्र काढणं भाग पडलं. तेही चार हजार. काल माझ्या टेबलावर आलं आणि मी वाचायला बसलो. "मागील पत्रकात अवतरण सुरू बुडाला अवतरण बंद असे छापले गेले ते अवतरण सुरू बुडाले अवतरण बंद असे वाचावे पूर्णविराम." खाली माझं नाव, मग एक ओळ तुझी क्षमा मागणारी. ती माझ्या आग्रहाखातर घातलीय, तीन शब्दांची.

आक्काने विचारलं, "ल ला?"

मी म्हटलं, "मात्रा."

तिने खूण केली. मग बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिने मजकुरावर तोंड उघडलं. "मला त्या दिवशीच कळलं होतं. तू ‘काना’ म्हणताना कागदाकडे पाहत नव्हतास." एवढं बोलून तिने पुढचा कागद घेतला. खोकल्याचं औषध होतं.

मला वर्षभर भोंगा बंद केलाय. कठड्यावर चढायचं नाही. ठीक आहे, मिळाली ती शिक्षा कमीच आहे. तुझ्या कामावर शुद्धिपत्र पोचलं का? नसेल तर मी गठ्ठा घेऊन फाटकाशी उभा राहतो, एकेकीच्या हातात देतो.

भाऊ


८ एप्रिल, सोमवार

ताई,

काल तू घरी होतीस का? असलीस तर तुला हे पत्र नको. मैदान तुमच्या मागच्या खिडकीला लागून आहे, तू ऐकलंच असशील. भाचीकडे गेली असशील असं मनाशी धरून लिहितो, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आधी माझ्याकडून कळेल.

शुद्धिपत्र निघाल्यापासून मला वाटत होतं की लोक तोंड फिरवतील. ढोलवाल्याने फिरवलं. बाकीचे मात्र रस्त्यात थांबवून पाठीवर थाप मारायला लागले. दूध घालणारा म्हणाला, "एका अक्षरात काम तमाम केलंत हो!" आमच्या मशीनवरच्या माणसाने शुद्धिपत्रातली ती ओळ कापून मशीनच्या फळीवर चिकटवली. मी काढली, त्याने दुसरी चिकटवली, चार हजार होत्याच. मी ओरडलो की लाज वाटत नाही का, तर म्हणाला, "अहो, तुमचीच तर आहे." फेब्रुवारीत ज्यांना काही ऐकू आलं नव्हतं अशा हजारो लोकांना मी घरपोच कळवलं की तिथे काय म्हणायचं असतं. स्पष्ट छापून, एकही चूक न ठेवता.

म्हणून काल खाली आलो. भोंगा नसला तरी माणूस आहे, ओळखतात मला, मी थांबवीन असं वाटलं होतं. आमचे दोन हजार आले होते. तुमच्या लोकांनी गोलमागच्या भिंतीवर नऊ जणांचे फोटो लावलेत. दाजींचा तो लग्नातला लावलाय, चष्म्याशिवायचा. मी टोपी काढून उभा राहिलो. मिनिटभर शांतता काल नव्हती, ती एकदाच पाळायची असते म्हणे.

विसाव्या मिनिटाला आमचा गोल झाला. कठड्यावर आता एक नवा आहे, पंचविशीतला, टायरच्या दुकानात काम करणारा, चांगला खणखणीत आवाज. त्याने भोंगा तोंडाला लावला, त्या फोटोंच्या भिंतीकडे तोंड केलं आणि विचारलं, "कुठे गेले?"

दोन हजार माणसं, ताई. एकाचाही "ला" नव्हता.

मी माणसं ढकलत पुढे गेलो. घसा फाडून ओरडलो, "बंद करा! बंद करा रे!" पण माझा आवाज पुढच्या माणसालाही गेला नसेल. मग मी कठड्यावर चढलो. मनाई मोडून चढलो. सगळ्यांकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर केले, थांबा म्हणून. कुठेही, कोणीही माणूस थांबवायला हेच करेल. पण आमच्या स्टँडमध्ये दोन्ही हात वर म्हणजे "आणखी जोरात". भोंगा बिघडला होता त्या वर्षी ही खूण बसवलेली. मीच बसवलेली. मला ते आठवलं तेव्हा हात वरच होते आणि समोर सगळे चेहरे फुलले होते, की भोंग्या परत आला, वर्षाची मनाई मोडून आपल्यासाठी आला. त्यांनी जे काही ताकद होती ती सगळी लावली. मी हात खाली घेतले. खाली घेतले की "पुन्हा पहिल्यापासून".

पोलिसाने मला पायाला धरून उतरवलं. तो तुमच्या बाजूचा होता. त्याने मला काही केलं नाही, फक्त म्हणाला, "तुम्ही त्यांचे मेव्हणे ना?" मी हो म्हटलं. मला बाहेर नेऊन फाटकाशी बसवलं. तिथून तुझी खिडकी दिसते. पडदा ओढलेला होता, आत कोणी होतं की नाही ते कळलं नाही. तिथेही तितकंच स्वच्छ ऐकू येत होतं, वाऱ्यानेसुद्धा काही झाकलं नाही. मी मोजत नव्हतो, पण सामना संपेपर्यंत चाललं होतं.

तुझ्या शिवणखात्यातल्या बायका आज तुला काही बोलल्या नसतील. भाचीही पुन्हा विचारणार नाही. तुला आता कोणी खोटी म्हणणार नाही, ताई. काल ते सगळ्या गावाने ऐकलं.

तुझा भाऊ